मळवलीच्या फलाटावर गाड्या कशा बघायच्या

सगळ्यात महत्त्वाची सूचना आधीच सांगून टाकते, कारण ती कळायला मला पस्तीस वर्षं लागली. इंजिनाचा नंबर दिसला नाही, तर वहीत रेघ मारा. छोटीशी, आडवी. अंदाजानं काही लिहू नका.

आमच्या जुन्या वहीत एकही रेघ नाही. तांबड्या पुठ्ठ्याची शंभर पानी वही आहे, १९८४ ते १९८८च्या मे महिन्यांची. मामाकडे सुट्टीला गेलो की मी आणि दादा सकाळ-संध्याकाळ मळवली स्टेशनावर. त्यानं नंबर वाचायचा, मी डबे मोजायचे आणि लिहायचं. काही वर्षांपूर्वी वही पुन्हा काढली, तेव्हा लक्षात आलं की १२ मे १९८६ला एकच इंजिन अर्ध्या तासात दोनदा पुण्याकडून मुंबईकडे गेलंय. मधे परत न येता! दादाला फोन केला. तो बराच वेळ हसला आणि म्हणाला, "अगं, डोळ्यात धूळ गेली होती. तू पेन्सिल रोखून उभी होतीस, काहीतरी सांगायला नको?" आणखी किती नंबर असे धुळीतून आलेत, ते त्यालाही आठवत नाही.

तेव्हा या छंदाला आमच्याकडे नाव नव्हतं. "कुठे निघालात?" "गाड्या बघायला." आता तरुण मुलं रेल्वेफॅन म्हणवतात, गळ्यात भारी कॅमेरे असतात. बरं वाटतं बघून. माझं साहित्य अजूनही वही, पेन्सिल आणि सेकंदकाटा असलेलं घड्याळ. पेन्सिलच का, तर मावळातल्या पावसात पेनची शाई पसरते, पेन्सिल टिकते.

स्टेशन कुठलं धरायचं

जंक्शन नको. पुणे किंवा कल्याणला गाड्या खूप दिसतात, पण एकीच्या आड दुसरी उभी असते आणि आपल्या पायावरून कुणाची तरी बॅग जाते. लोकल थांबते पण एक्सप्रेस थांबत नाहीत, असं स्टेशन शोधा. तिथे थांबणारी गाडी निवांत न्याहाळता येते आणि न थांबणारी अंगावरून गेल्यासारखी जाते. पुणे–लोणावळा मार्गावर घोरावाडी, बेगडेवाडी, कान्हे, कामशेत, मळवली यांतलं कुठलंही चालेल. मुंबईकरांना कर्जतच्या वाटेवर शेलू, भिवपुरी रोड आहेत. पश्चिम रेल्वेवाल्यांनी विरारच्या पुढे वैतरणा, सफाळे, केळवे रोडकडे जावं. गर्दीची वेळ टाळली तर तिथे फलाटावर वाऱ्याचा आवाज ऐकू येतो.

मी मळवलीच सांगणार, हे उघड आहे. लोणावळ्याच्या अलीकडचं स्टेशन, एका अंगाला लोहगड-विसापूर, दुसऱ्या अंगाला कार्ल्याचा डोंगर. एक तक्रार मात्र आहे. आमच्या वेळी इथे कानानं गाडी ओळखता यायची. मग शेजारून एक्सप्रेसवे आला, २००२ला पूर्ण झाला, आणि तेव्हापासून मागे सतत एक घरघर असते. कानाला ती बाजूला सारायला पाऊण तास लागतो. म्हणून किमान दोन-अडीच तास हाताशी ठेवून या. पहिला पाऊण तास फुकट गेला असं वाटेल, वाटू द्या.

तिकीट आणि शिस्त

फलाट तिकीट दहा रुपयांचं, दोन तास चालतं. पुढच्या स्टेशनपर्यंत लोकलनं जायला पाच रुपये आणि नुसतं उभं राहायला दहा, हा हिशोब मला अजून उमगलेला नाही. तरी पाचाचं तिकीट काढून बाकावर बसून राहू नका. तपासनीस आला तर "मी गाड्या बघतेय" हे उत्तर त्याला पटत नाही, अनुभवाचं सांगते.

पोचल्यावर स्टेशन मास्तरांना नमस्कार करा, काय करणार ते सांगा, फोटो काढायचे असतील तर विचारा. नाही म्हणाले तर नाही. मोटरमन किंवा लोको पायलटच्या डोळ्यांवर फ्लॅश मारायचा नाही, हे विचारायचीही गरज नाही. रूळ ओलांडायचे नाहीत. रेल्वे कायदा १९८९च्या कलम १४७खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो, आणि तेवढंच झालं तर नशीब समजा. वरच्या तारेत २५,००० व्होल्ट आहेत. पुलावर सेल्फी स्टिक उंच करू नका. फलाटावर पिवळ्या रेषेच्या मागे राहा. न थांबणारी गाडी हवा ढकलत येते आणि मागून ओढून नेते.

उभं राहायची जागा: जी गाडी बघायची तिच्या समोरच्या फलाटावर, टोकापासून साधारण एक-तृतीयांश आत. जवळच्या फलाटावर असाल तर नाकासमोरून नुसत्या खिडक्या पळतात. पलीकडून इंजिनाची बाजू, नंबर, शेडचं (म्हणजे इंजिनाच्या घराचं) नाव, शेवटच्या डब्याची पाटी, सगळं एका नजरेत येतं. धोका एकच. ऐन वेळी मधल्या रुळावर दुसरी गाडी येऊन उभी राहते. मग रेघ.

गाडी यायच्या आधी

खरी मजा इथे आहे, आणि बहुतेक लोक हाच वेळ मोबाइलमध्ये घालवतात. रेल्वेच्या एनटीईएस ॲपवर प्रवासी गाडी कुठे पोचली ते दिसतं हे मान्य, पण पहिला तास ते उघडू नका. मालगाड्या तिथे दिसतही नाहीत.

फलाटाच्या टोकाला, गाडी ज्या दिशेनं बाहेर पडते तिकडे, स्टार्टर सिग्नल असतो. तो बघायला शिका. एरवी लाल राहणारा स्टार्टर गाडी दिसायच्या आधीच हिरवा झाला, तर येणारी गाडी बहुधा न थांबता जाणार. गाडी फलाटात शिरतेय आणि तो अजून लालच, तर ती थांबणार. काही मार्गांवर सिग्नल स्वयंचलित असतात, खांबावर 'ए' अक्षर दिसतं. तिथे उलटं वाचायचं. गाडी गेली की तो लाल होतो, ती पुढे सरकते तसा पिवळा, मग दोन पिवळे, मग हिरवा. एकच पिवळा दिसत असेल तर पुढची गाडी अजून जवळ आहे, मागून येणारी दबकत येईल. दोन पिवळ्यांचा हिरवा झाला की घड्याळ हातात घ्या.

हे आम्हाला शिकवलं झेंडेवाल्या काकांनी. त्यांचं नाव आम्ही कधी विचारलं नाही. न थांबणारी गाडी आली की हिरवा झेंडा धरून उभे राहायचे, आणि शेवटचा डबा जाईपर्यंत आमच्याशी एक शब्द बोलायचे नाहीत. दादाला वाटायचं काका शिष्ट आहेत. एकदा त्यांनीच सांगितलं, ते शेवटच्या डब्याची पाटी बघत असतात. 'एलव्ही' लिहिलेली ती पाटी, म्हणजे हाच शेवटचा डबा. पाटी दिसली नाही तर गाडी मधेच तुटून अर्धी मागे राहिली असू शकते, आणि मग मागची गाडी सोडता येत नाही. रात्री पाटीऐवजी लुकलुकणारा लाल दिवा. तेव्हापासून आमच्या वहीत 'एलव्ही'चा रकाना आला. तुम्हीही ठेवा. त्यानं गाडी शेवटपर्यंत बघायची सवय लागते, नाहीतर इंजिन गेलं की लोक मान वळवतात.

सिग्नलनंतर तार. वरची तार हलकेच थरथरते, पँटोग्राफ (इंजिनाच्या टपावरचा, तारेतून वीज घेणारा सांगाडा) अजून वळणापलीकडे असतो तेव्हाच. मग रूळ, सळसळ असा बारीक आवाज. तो फलाटावरूनच ऐकू येतो. रुळाला कान लावायचा प्रकार सिनेमात राहू द्या. आमच्या लहानपणी त्याच्याही आधी खटखट यायची, कारण रूळ १३-१३ मीटरचे, सांध्यांनी जोडलेले असायचे. आता रूळ वेल्ड करून लांबच लांब केलेत. प्रवास गुळगुळीत झाला आणि खटखट रूळ बदलायच्या काट्यांपुरती उरली.

मळवलीला एक पांढरी कुत्री होती. थांबणारी लोकल येणार असेल तर उठून फलाटाच्या मधोमध जायची, न थांबणाऱ्या गाडीला डोळाही उघडायची नाही. सिग्नल बघत होती की आवाज ऐकत होती, यावर आमचे वाद व्हायचे. माझ्या मते तिला भजीवाल्याच्या हालचाली कळायच्या.

ते पंधरा-वीस सेकंद

गाडी आली. सगळं बघायला जाल तर काहीच दिसणार नाही. क्रम ठरवून ठेवा.

इंजिनाचं नाक तुमच्यासमोर आलं की घड्याळ सुरू. नंबर पाच आकडी असतो, त्यातले शेवटचे तीन आधी टिपा. पहिले दोन इंजिनाच्या जातीवरून बहुतेक वेळा मागाहून लावता येतात. मग बाजूवर शेडचं नाव: कल्याण, भुसावळ, अजनी, कधी दूरचं लालागुडा किंवा इरोड. मग डबे, बोटांवर. शेवटी एलव्ही, आणि घड्याळ बंद.

आता गणित. नव्या एलएचबी डब्याची लांबी सुमारे २४ मीटर. सेकंदाला एक डबा समोरून गेला तर गाडीचा वेग ताशी साधारण ८६ किलोमीटर. म्हणून डब्यांची संख्या गुणिले ८६, भागिले सेकंद. इंजिन एक डबा धरा. अठरा डबे सतरा सेकंदांत गेले, तर वेग ९१च्या आसपास. जुने आयसीएफ डबे थोडे आखूड, त्यांना ८६ऐवजी ८० घ्या. दादा हे तोंडी करतो आणि दरवेळी पाच-सात किलोमीटर वाढवून सांगतो.

दोघं असाल तर कामं वाटून घ्या, एक नंबराचा, एक डब्यांचा. तिघं नकोत. तिसरा बोलतो.

इंजिनाची अक्षरं

इंजिनावर नंबराजवळ डब्ल्यूएपी-७, डब्ल्यूएजी-९ असं काही लिहिलेलं असतं. डब्ल्यू म्हणजे ब्रॉडगेज. पुढचं ए म्हणजे एसी वीज, सी म्हणजे डीसी, डी म्हणजे डिझेल. मग पी प्रवासी, जी मालगाडी, एम दोन्हींसाठी. शेवटचा आकडा पिढीचा. एवढं आलं की निम्मी भाषा आली. ३०नं सुरू होणारा नंबर आणि चौकोनी धिप्पाड इंजिन दिसलं तर बहुतेक डब्ल्यूएपी-७. ३१नं सुरू होणारा मालगाडीवर दिसला तर डब्ल्यूएजी-९. मालगाडीला दोन जोडलेली इंजिनं आणि नंबर ६०नं सुरू, तर ते बारा हजार अश्वशक्तीचं डब्ल्यूएजी-१२.

आमच्या वहीत यातलं एकही नाही. तेव्हा मुंबई–पुणे मार्गावर १,५०० व्होल्टची डीसी वीज होती आणि नंबर २०नं सुरू व्हायचे. व्होल्ट कमी म्हणून प्रवाह जास्त लागायचा. तार जाड, आणि इंजिनं बरेचदा दोन्ही पँटोग्राफ वर करून यायची, बैलानं शिंगं रोखावीत तशी. संध्याकाळी तारेवर निळ्या ठिणग्या पडायच्या. त्या इंजिनांतली डब्ल्यूसीएम-५ जात चित्तरंजनला बनलेली. तिथे १९६१मध्ये तयार झालेलं पहिलं विजेचं इंजिन याच जातीचं, आणि त्याचं नाव 'लोकमान्य'. दादानं ते बघितल्याचं वहीत तीनदा नोंदवलंय. यावर मी आता भाष्य करत नाही.

'खेकडा' मात्र मी स्वतः बघितला, लोणावळ्याच्या यार्डात. १९२८पासूनची जुनी डब्ल्यूसीजी-१ जात, पुढे-मागे लांब नाकं, चाकांना जोडणारे दांडे. उभा असला की कण्हायचा. घाटात गाड्यांना मागून ढकलायला ही इंजिनं असायची. बोरघाटाचा चढ ३७ फुटांना एक फूट इतका कडक आहे, त्यामुळे इंजिन लावलेल्या गाड्यांना कर्जतहून मागे बँकर जोडतात. आज बँकर वेगळे आहेत, ढकलणं तेच.

डीसी टप्प्याटप्प्यानं गेली. मधल्या काळात दोन्ही विजांवर चालणारी डब्ल्यूसीएएम जातीची इंजिनं आली, कल्याण शेडची. त्यांचा आवाज मला जरा रडका वाटायचा. आता तीही हळूहळू दिसेनाशी होतायत. कुठे सीएएम दिसलं तर नंबर नीट घ्या.

काय बघायचं

सकाळी आठच्या आगेमागे डेक्कन क्वीन मुंबईकडे जाते, १२१२४. सम आकडा म्हणजे मुंबईकडे, विषम १२१२३ संध्याकाळी परत. ही गाडी १ जून १९३०ला सुरू झाली. २०२२ मध्ये तिला एलएचबी डबे लागले, खानपानाचा डबा राहिला. सकाळी ती उजेडात मिळते म्हणून नवशिक्यांनी तिच्यापासून सुरुवात करावी. सोलापूर वंदे भारत फेब्रुवारी २०२३ पासून धावतेय. तिला वेगळं इंजिनच नाही, घाटात बँकरही लागत नाही, त्यामुळे माझ्या वहीत इंजिनाच्या रकान्यात तिच्यापुढे कायम रेघ. दादाला हा अन्याय वाटतो.

दुपारी लोकल विरळ होतात. तेव्हा पोळी-भाजीचा डबा उघडा आणि मालगाड्यांची वाट बघा. मालगाडी हळू जाते, सगळं वाचता येतं. उघड्या डब्यांतून बहुधा कोळसा, बंद डब्यांतून धान्य, सिमेंट, खत. लांब गोल टाक्या तेलाच्या. खिडक्या पत्र्यानं बंद केलेले जुने प्रवासी डबे दिसले, तर आत नव्या कोऱ्या मोटारी असतात. ते डबे प्रवाशांच्या सेवेतून निवृत्त झालेले. शेवटी ब्रेकव्हॅन असेल तर तिच्यातल्या गार्डला हात करा. २०२२ पासून त्यांचं पद 'ट्रेन मॅनेजर' झालंय, पण हात करायला काही बदल नाही. तासन्‌तास एकटा बसलेला माणूस असतो तो. माझ्या हिशोबात दहातले नऊ जण हात करतात.

लोकल थांबलेली असताना किंवा जवळच्या स्टेशनात एक्सप्रेस उभी असताना डब्यांचे नंबर वाचा. नंबरातले पहिले दोन आकडे बहुधा डबा बनल्याचं वर्ष सांगतात. भाचरं बरोबर असली की मी त्यांना स्वतःच्या जन्मसालाचा डबा शोधायला लावते. माझ्या सालाचा आता शोधूनही मिळायचा नाही, सगळे भंगारात गेले.

वहीचे रकाने असे ठेवा: वेळ, दिशा, गाडी, इंजिन, शेड, डबे, सेकंद, एलव्ही. शेवटी एक रुंद रकाना 'इतर'. त्यात काहीही लिहा. आमच्या जुन्या वहीत 'इतर'खाली 'करवंदं संपली', 'मामा ओरडले', 'कुत्रीला पिल्लं झाली, चार' असं आहे, आणि खरं सांगायचं तर वहीतला तेवढाच रकाना शंभर टक्के भरवशाचा.

गेल्या मे महिन्यात दादा आला होता. त्याला गुडघ्यामुळे पूल चढवत नाही, म्हणून जवळच्याच फलाटावर बसलो. साडेसातच्या सुमारास, अंधार पडल्यावर, संध्याकाळची डेक्कन क्वीन आली. हेडलाइट सरळ डोळ्यांवर. मी डबे मोजत होते, सोळा भरले, लाल दिवा लुकलुकत वळणाआड गेला. घड्याळ बंद केलं आणि पेन्सिल घेऊन त्याच्याकडे बघितलं.

"तीस..." तो म्हणाला. "तीस... तीनशे..."

मी थांबले. त्यानं माझ्या हातातून पेन्सिल घेतली, वही मांडीवर ओढली आणि इंजिनाच्या रकान्यात रेघ मारली. मग वही परत देताना म्हणाला, "पण शेड कल्याण होतं हं. ते लिही."